अण्णांचा पहिला तपास

सावळीराम अण्णांना इंग्रजी येत नसे, पण इंग्रजांचे खून फार आवडत. संध्याकाळची जेवणं उरकली की सून वेदिका टीव्हीवर जुन्या विलायती रहस्यकथांची मालिका लावी आणि संवाद मराठीत सांगत जाई. हरसूल गाव सोडून शहरात मुलाकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आल्यापासून अण्णांचा जीव रमला तो एवढ्या तासाभरातच.

"घरात मयत पडलंय आन हे कोट घालून जेवाया बसले. सुतक कसं नाय पाळत?" असं ते दर भागाला विचारत. खुनी मात्र त्यांना कधी म्हणजे कधी ओळखता आला नाही. एका भागात म्हातारा माळी पोराला वाचवायला स्वतःच खुनाची कबुली देतो, तेव्हा तर ते चिडलेच. "लय येडं म्हातारं," म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

गेल्या मंगळवारी वेदिका भाजीला गेली असताना दारात एक सुतार आला. अण्णांनीच त्याला आत घेतलं. तो थेट त्यांच्या खोलीत शिरला, टेप लावून भिंती मोजल्या आणि पलंग हलवला की ऑफिसचं टेबल खिडकीखाली बसेल, असं पुटपुटला. कोणी बोलावलं विचारलं तर "घरातूनच फोन होता" म्हणून निघून गेला.

पलंग हलणार म्हणजे पलंगावरचा म्हाताराही हलणार, हे कळायला विलायती डोकं लागत नाही. बायको गेल्यापासून हरसूलचं घर कुलूपबंद होतं आणि तिथं एकट्यानं राहायची अण्णांना सरळ सरळ भीती वाटत होती. सुताराबद्दल ते कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. संशय गेला वेदिकावर. घरून काम करणारी तीच, आणि मालिकेत गोड बोलणाराच कपात विष कालवतो. त्या आठवड्यात तिच्या हातचा चहा त्यांना कडू लागला.

रविवारी त्यांनी मालिकेतल्यासारखं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. सगळे म्हणजे मुलगा महेश आणि वेदिका.

"मंगळवारी एक माणूस माझ्या खोलीचं माप घेऊन गेला," अण्णा म्हणाले. "त्याला कोणी बोलावलं?"

"माप? कसलं माप?" वेदिका गोंधळली.

"पत्ता चुकला असेल, अण्णा. या सुतारांचा काही भरवसा नसतो," महेश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

सुतार हा शब्द अण्णांनी उच्चारलाच नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गुन्हेगार सापडला होता, आणि त्यांना अतोनात वाईट वाटलं. महेशचे कान लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे लाल झाले होते. वेदिका अजून उत्तराची वाट बघत होती. आता नाव घेतलं तर या दोघांत कायमचं वाजणार, हे अण्णांना दिसत होतं.

"मीच बोलावलं व्हतं," ते म्हणाले. "मी हरसूलला जावं म्हणतो. खोली तुमच्या कामी यील."

महेश मोबाइलवर बोट फिरवत राहिला. वेदिकानं सासऱ्यांकडे पाहिलं, मग बराच वेळ नवऱ्याकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "हा भाग आपण पाहिलाय. कबुली म्हातारा माळी देतो. केलेलं असतं त्याच्या मुलानं."