नाव न घेता

फादर मेनेझिस यांनी स्टेला त्रिभुवनला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. शुक्रवारच्या प्रार्थनेच्या शेवटी विनंत्या मोठ्यानं वाचायच्या, पण कुणाचंही नाव घ्यायचं नाही. दुःख देवापुढे मांडायचं, माणूस झाकून ठेवायचा.

स्टेला श्रीरामपूरकडची. बी.ए. झाल्यावर एक वर्ष देवाच्या कामाला द्यायचं ठरवून १९७८च्या जुलैत ती नागपुरात आली. काम कॉलेजच्या पोरींमध्ये. हॉस्टेलांत जायचं, आजारी असेल तिची विचारपूस करायची, शुक्रवारी चर्चमागच्या खोलीत गाणी, बायबलचं वाचन आणि चहा. वय बावीस. आपल्याला माणसं कळतात, अशी तिची पक्की समजूत होती.

शुक्रवारी नऊ-दहा जणी येत. सगळ्याच ख्रिस्ती नव्हत्या. जयवंता नरखेडकडच्या शेतकरी घरातली, हिंदू. ती गाण्यांसाठी यायची, आणि स्टेलासाठी. सीताबर्डीजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलात राहायची, बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिनं स्टेलाच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"ताई, मले फिट येते. हॉस्टेलात कोणालेच माहीत नाई. बाबानं फॉर्मवर लिहिलंच नाई. परीक्षा होऊ द्या फक्त. कोणाले सांगू नका."

"नाही सांगणार," स्टेला म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं.

त्या शुक्रवारी विनंत्या वाचताना तिचा गळा भरून आला. "परीक्षेच्या तोंडावर फिटच्या आजाराशी झगडणाऱ्या आपल्या एका बहिणीला बळ मिळावं, म्हणून प्रार्थना करू या."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळ्या म्हणाल्या.

नाव घेतलं नव्हतं. नियम पाळला होता.

जयवंता जमिनीकडे बघत होती, आणि शेजारी बसलेली गोपिका तिच्याकडे. हॉस्टेलात दोघी एकाच खोलीत राहत. जानेवारीत जयवंता न्हाणीघरात पडली होती, दात आवळलेले, तोंडाला फेस. शुद्धीवर आल्यावर 'उपास होता, चक्कर आली' म्हणाली, आणि गोपिकानं ते मानलं होतं. आता तिला उलगडा झाला आणि ती घाबरली. खोलीत आपण दोघीच, पुन्हा पडली आणि काही बरंवाईट झालं तर? दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्टेलच्या सुपरिंटेंडेंट यमुताईंना सांगून टाकलं. सोमवारी जयवंताच्या वडिलांना तार गेली.

स्टेलाला मंगळवारी कळलं. ती धावतच हॉस्टेलवर गेली. यमुताईंच्या टेबलासमोर जयवंताचे वडील, चंपतराव, हातात टोपी घेऊन उभे होते.

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे हो," स्टेला म्हणाली. "परीक्षेपर्यंत राहू द्या तिला."

"आणि जिन्यावरून पडली म्हणजे? तुम्ही येणार का उत्तर द्यायला?" यमुताईंनी चष्मा काढला. "फॉर्मवर आजार लपवलाय यांनी. हे हॉस्टेल आहे, दवाखाना नाही."

"मग माझ्याकडे राहील. चर्चच्या आवारात. मी बघेन तिच्याकडे."

चंपतराव तिच्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"तुमच्याकडं ठेवू, बाई? आज पोरगी बिमार हाय असं म्हणून राहिले गावातले लोकं. उद्या बाटवली म्हणतीन. माह्या घरी आनखी एक पोरगी हाय लग्नाची."

ज्या कामाचा स्टेलाला अभिमान होता, त्या कामामुळेच तिची खोली जयवंताला बंद होती.

जयवंता व्हरांड्यात ट्रंक बंद करत होती.

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं," स्टेला म्हणाली.

"नाई घेतलं." कडी बसत नव्हती, जयवंतानं झाकणावर गुडघा दाबला. "पण ताई, देवाले त पहिलेच माहीत होतं ना? मंग इतक्या जोरानं काहून सांगतलं? त्याले कमी आयकू येते का?"

ती हसली नाही. बाप-लेक रिक्षानं एसटी स्टँडकडे गेले.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "चूक माझी," ते म्हणाले. "तो नियम तीनशे माणसांच्या चर्चचा. दहा जणींच्या खोलीत माणूस झाकला जात नाही, हे मला सुचायला हवं होतं."

स्टेलाला हा दिलासा नको होता. 'सांगू नका' हे जयवंता तिला म्हणाली होती, फादरांना नव्हे. शिवाय गळा भरून आला तेव्हा सगळ्या आपल्याकडे बघत होत्या आणि ते आपल्याला आवडलं होतं, हेही तिला आता स्पष्ट आठवत होतं. ते तिनं फादरांना सांगितलं नाही.

तिनं नरखेडला पत्र घातलं. घरून येऊन परीक्षा देता येईल, पहिल्या पेपरला मी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहीन. उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये ती पहिल्या पेपरला उभी राहिली, दुसऱ्याला राहिली. ऊन इतकं, की पोरं ओले रुमाल डोक्याला बांधून येत. तिसऱ्या पेपरला घंटा होऊन फाटक लागलं तरी ती तिथंच होती.

पेपर सुटल्यावर गोपिका बाहेर आली.

"ताई, जयवंता नाई येत आता. गावात समद्याईले समजलं. तिचा बाबा तिले घराबाहेरच पडू देत नाई." मग खालच्या आवाजात, "यमुताईले म्याच सांगतलं."

"माहीत आहे."

"राग नाई येत तुमाले?"

"तू भिऊन सांगितलंस. मला तर भीतीही नव्हती."

गोपिका रडायला लागली. स्टेलानं तिला सावलीत नेलं. तिथं गोपिकानं तिला आणखी काही सांगितलं, स्वतःचं, जयवंताशी संबंध नसलेलं. पाऊण तास ती बोलत होती. स्टेलानं मध्ये एकही शब्द घातला नाही, बळ मिळावं असंही म्हणाली नाही. शेवटी कुणाला सांगू नका, असं गोपिकानं बजावलं नाही. बहुधा त्याचा उपयोग नाही असंच तिला वाटत असावं.

संध्याकाळी फादरांनी चहा पिताना विचारलं, "गोपिका बराच वेळ बोलत होती म्हणे. काय म्हणत होती?"

"पेपर अवघड गेला म्हणाली," स्टेला म्हणाली.