टाकीखालचा स्विच

थोरलीने मोटरसायकलची टाकी उचलून पोत्यावर ठेवली आणि खाली जे दिसलं ते बघून तिच्या तोंडून शिवीच निघाली.

लाल, काळ्या, हिरव्या वायरी, मधूनच स्पीकरच्या बारीक पांढऱ्या. कशावर टेप, कशावर टेप निघून नुसता चिकटा उरलेला. एका जोडावर तर चक्क शिवणाचा दोरा गुंडाळला होता. थोरली कारखान्यात कंट्रोल पॅनलचं वायरिंग करायची. तिथे एक वायर चुकली तर अख्खं पॅनल पुन्हा उघडावं लागतं. तिला हा प्रकार बघवेना.

"इकडे ये!" ती घराकडे तोंड करून ओरडली. "तुझे प्रताप बघायला ये!"

धाकटा भाऊ दारात आला. हातात घडी घातलेला शर्ट होता. आत त्याची बॅग भरणं चालू होतं. उद्या सकाळच्या गाडीने तो घर सोडून परगावी मित्राकडे राहायला चालला होता आणि त्याला घराबाहेर काढलं होतं ते या मोटरसायकलने. गाडी बाबांची, जुनी, पण तिच्यावर हौस सगळी याची. पुढे जास्तीचे दोन दिवे, गाणारा हॉर्न, मोबाइलचा चार्जर, अलार्म, काही म्हणून सोडलं नव्हतं. आणि गेले काही आठवडे ती बाबांना भर रस्त्यात दगा देत होती. चौकात आली की बंद, पुलावर चढली की बंद. बाबा ती कडेला लावून पायी घरी यायचे आणि याच्या नावाने खडे फोडायचे. परवा तर त्यांनी शेजाऱ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या जिवावर उठलेला पोरगा मला घरात नको." यानेही तोंडातून शब्द काढला नाही. माळ्यावरून बॅग काढली. हे कळल्यावर थोरली सासरहून हत्यारांची पिशवी घेऊनच निघाली होती. गाडी धड झाली की बाबांचा राग उतरेल आणि हा जायचा थांबेल, एवढं तिला सरळ दिसत होतं.

"हा दोरा कुणी बांधला?"

"टेप संपली होती."

"टेप संपली होती! आणि या सगळ्याला फ्यूज कुठाय?"

धाकट्याने हातातला शर्ट पुन्हा दुमडला.

"फ्यूज कुठाय म्हणते मी! आग लागली असती म्हणजे? म्हातारा माणूस बसतो या गाडीवर, काही लाज?"

ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनी घसा साफ केला. ते दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. चाळीसेक वर्षं या गाडीला पिशवी अडकवून ते गावोगावच्या बाजारपेठा फिरले होते आणि त्यांनी जुळवलेल्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गाडी अशी वागायला लागल्यापासून तेही बंद होतं.

"कशाला जीव काढतेस?" ते म्हणाले. "भंगारात घाला तिला. मी काही आता बसत नाही तिच्यावर."

"बसत नाही कसे? मी करून देते, मग बघू कसे बसत नाही ते."

बाबांनी मान फिरवली. रुसलेत, असं तिला वाटलं आणि तिने कटर उचलला.

कापायला लागल्यावर मात्र तिला बरं वाटायला लागलं. गाणारा हॉर्न गेला. जास्तीचे दिवे गेले. चार्जर गेला, अलार्मचा डबा गेला. प्रत्येक तुकडा ती धाकट्याच्या पायाशी भिरकावत होती आणि तो एकेक उचलून खोक्यात टाकत होता. एवढं बोलूनही हा उलटून काही बोलत नाही, याचाच तिला जास्त संताप येत होता. लहानपणी एक ऐकून घ्यायचा नाही.

टाकीच्या खाली, डाव्या अंगाला, हात घातल्याशिवाय सापडणार नाही असा एक छोटा स्विच होता.

"हा कसला?"

"चोर-स्विच. बंद केला की इंजिन बंद." धाकटा पहिल्यांदाच खाली वाकला. "ताई, तो राहू दे."

"का?"

"राहू दे ना."

"अरे पण का? इंजिनाच्या वायरीत मध्येच स्विच म्हणजे दुखण्याला आमंत्रण. यानेच बंद पडत असणार गाडी."

त्याने ओट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं. तुला काय करायचं ते कर," आणि आत निघून गेला.

तिने स्विच कापून खोक्यात टाकला.

मग तिने सगळं नव्याने ओढलं. बॅटरीपासून एक जाड वायर, तिच्यावर फ्यूज, तिथून चावी. चावीपासून तीनच वाटा. एक इंजिनाला, एक दिव्यांना, एक हॉर्न आणि ब्रेकच्या दिव्याला. जोड कुठे नाहीच, जिथे टाळता आला नाही तिथे दाबून बसवलेला आणि वर प्लास्टिकची स्लीव्ह. बल्बच्या होल्डरला दोन वायरी लावून ती तपासत गेली. चावी फिरवली, बल्ब पेटला. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं, बल्ब जराही लुकलुकला नाही.

एक गोष्ट तिला खटकत होती. कापून काढलेल्या जुन्या वायरींमधून तिने इंजिनाला जाणारी वायर वेगळी केली, स्विचसकट, आणि बल्ब लावून तीही तपासली. ओढली, पिळली, आपटली. बल्ब जळतच राहिला. एवढ्या गबाळ्या कामात नेमकी तीच वायर ठणठणीत होती. मग गाडी बंद पडत होती कशाने? बॅटरी, तिने स्वतःला सांगितलं. नाहीतर फ्यूज नसल्याने काहीतरी. पण ते तिचं तिलाच पटलं नाही आणि तिने ती वायर जरा जोरातच खोक्यात फेकली.

टाकी बसवून तिने किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि एका लयीत चालत राहिली.

"बाबा, चला!"

"उद्या बघू. अंधार पडत आला."

"उद्या तो जाईल! उद्या कसलं बघू? मी मागे बसते. बाजाराच्या चौकापर्यंत जाऊन येऊ."

"आवाज बरोबर नाही येत."

"आवाज एकदम बरोबर आहे. उठा म्हणते ना!"

बाबा उठले. चपला घालायला त्यांनी नको तेवढा वेळ लावला. गाडीवर बसल्यावर मात्र सवयीने पाठ ताठ झाली आणि गल्लीभर त्यांनी गाडी अशी नेली की थोरलीच्या मनात आलं, झालं काम. घरी गेल्यावर धाकट्याला चार शिव्या घालायच्या, बॅग रिकामी करायला लावायची आणि जेवायला बसायचं.

मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा समोरच्या गाड्यांचे दिवे लागले होते. चौक जवळ आला. समोरून एक ट्रक वळला आणि त्याचा उजेड थेट दोघांवर आला.

बाबांचा डावा हात हँडलवरून सुटला. टाकीखाली गेला. बोटं चाचपायला लागली, पुढे, मागे, पुन्हा पुढे. गाडी रस्त्याच्या मधोमध सरकत होती आणि बोटं शोधतच होती.

"ब्रेक!" थोरली किंचाळली. "बाबा, ब्रेक!"

ट्रक हॉर्न देत अंगावरून जावा तसा गेला. गाडी गचके खात कडेला थांबली. बाबांचा हात अजून टाकीखालीच होता.

थोरली उतरली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुम्ही बंद करत होतात," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः!"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! स्वतः बटण बंद करायचं आणि पोराला घराबाहेर काढायचं? चार माणसांत? मी दुपारपासून त्याला काय काय बोलले, आणि तुम्ही खुर्चीवर बसून ऐकत होतात!"

येणारे-जाणारे वळून बघत होते. बाबांनी रुमाल काढून डोळे पुसले. रडत नव्हते, नुसते पुसत होते.

"समोरून दिवा आला की सगळं पांढरं होतं," ते म्हणाले. "मग काही दिसत नाही. काट्यावरच्या रेघाही दिसत नाहीत आता. काटेवाल्याचे डोळे गेले हे कळल्यावर कोण दारात उभं करेल मला?"

"म्हणून त्याचा बळी?"

त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. तिला त्यांची कीव यायला हवी होती. ती येत होती, पण राग तिला जागाच देत नव्हता. "मागे सरका," ती म्हणाली आणि गाडी स्वतः चालवत घरी आणली.

धाकटा कॉटवर बसून बॅगची चेन ओढत होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

त्याने चेन सोडली नाही. "गाडी आणायला मीच जायचो ना. दर वेळी स्विच बंद केलेला असायचा. चालू केला की गाडी चालू."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? एवढ्या शिव्या खाल्ल्यास, शेजाऱ्यांसमोर अपमान करून घेतलास!"

"बोललो असतो तर ते बटण त्यांनी पुन्हा दाबलं नसतं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "अभिमानाने तशीच दामटली असती गाडी. स्विच होता तोवर थांबत तरी होते."

ट्रकचा तो उजेड अजून थोरलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिच्या मागे बाबा येऊन उभे राहिले होते. किती ऐकलं, कोण जाणे. ते आत आले, भिंतीला धरून चपला काढल्या. कितीतरी दिवसांत ते मुलाशी थेट बोलले नव्हते, जे काय सांगायचं ते भिंतीला सांगायचे.

"सकाळी किती वाजताची गाडी आहे तुझी?"

"सातची."

"ती सोडून दे." आवाज होता तसाच, खेकसल्यासारखा. "डॉक्टर दहाशिवाय येत नाही."

"कुठला डॉक्टर?"

"डोळ्यांचा. दुसरा कुठला?" बाबा म्हणाले. "तू चालव. मी मागे बसतो."