निळी गाडी आणि कोरडं फडकं

“एक दिवसही चुकवू नकोस. रोज सकाळी तिला पुसायचं. कबूल?”

डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना मालकांनी बाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, असं विचारलं. बाई म्हणाल्या, “कबूल.” मग मालकांनी माझ्या बॉनेटवर थोपटलं आणि ते लेकीच्या गाडीत जाऊन बसले.

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग गडद निळा. कारखान्यातल्या रंग वाळवायच्या तापत्या खोलीतून मला बाहेर काढलं, तेव्हा तपासनिसाने माझ्या दाराच्या चकाकीत पाहून आपला भांग नीट केला होता. पुढे मालकांच्या घरी आले. लेकीला शाळेत पोहोचवलं, कॉलेजात पोहोचवलं, एक दिवस सासरीही पोहोचवलं. शेजारी विचारायचे, “अहो, ही गाडी आहे की आरसा?” मालक वरवर हसायचे, पण दिवसभर ते वाक्य जपून ठेवायचे.

मग त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढू लागला. त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि मी शेडमध्ये उभी राहिले. माझं पुसणं मात्र सुटलं नाही. तो त्यांचा नेम होता. आंघोळ झाली की खिळ्यावरचं पिवळं कोरडं फडकं घ्यायचं आणि माझ्यावर गोल गोल फिरवायचं. पाणी नाही, काही नाही. मित्रांनो, धूळ म्हणजे बारीक दगडच की हो. फडक्याखाली ती माझा रंग ओरखडत राहिली. ऊन पडलं की माझ्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी दिसे. सगळ्यांना दिसे, फक्त मालकांना नाही. त्यांच्या हाताला मी अजून आरसाच होते.

आणि आता ते घरी येणार होते. स्वच्छ नजर घेऊन.

बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या सारख्या शेडमध्ये येत, माझ्याकडे बघत आणि परत जात. शेवटी त्यांनी जावयाला बोलावलं. त्याचं गाड्यांना पॉलिश करायचं दुकान आहे.

“मामी, ही जाळी कशाने पडली, सांगू?” तो म्हणाला आणि त्याने खिळ्यावरच्या फडक्याकडे बोट दाखवलं.

बाई पायरीवर बसल्याच. “म्हणजे त्यांनीच? आणि आता मीही रोज…” मग एकदम उठल्या. “हे बघा, त्यांना कळता कामा नये. अन्न गोड लागायचं नाही त्यांना. ते यायच्या आत सगळं घालवा.”

“मशीन फिरवलं असतं, पण रंग पातळ झालाय. खालचं अस्तर वर येईल. आता ग्लेझच. ते रेघांमध्ये भरायचं आणि वरून सीलंटचा पारदर्शक थर द्यायचा, म्हणजे पाणी-धूळ आत शिरत नाही.” त्याने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. “ही तेलकट. लावली की जाळी गायब. पण तेलावर सीलंट धरत नाही. ही दुसरी कोरडी बसते. सीलंट हिला घट्ट धरतं, पण खोल रेघा थोड्या उरतील.”

“मग तेलकटच लावा.”

“चार धुण्यांत उघडं पडेल, मामी.”

“पडू दे. जावईबापू, तुम्ही पॉलिशवाले की वकील?”

तो हसला, पण हटला नाही. त्याने माझ्या डिकीच्या झाकणावर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी लावून वर सीलंट दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने साबणाचं पाणी घेतलं आणि झाकण पुन्हा पुन्हा धुतलं. डावीकडे, तेलकट बाटलीच्या बाजूला, पाणी पसरलं आणि त्याखालून जाळी हळूहळू वर आली. उजवीकडे पाण्याचे मोत्यांसारखे थेंब झाले आणि घरंगळून गेले. तिथे दोन-तीन रेघा होत्या, पण त्या काल होत्या तेवढ्याच.

बाई डावीकडच्या बाजूवर वाकल्या.

“म्हणजे एकदा त्यांना वाटेल गाडी नवी झाली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आणि मग रोज थोडी थोडी जाळी परत दिसेल. नको. कोरडीच लावा. उरलेल्या रेघांचं मी सांगेन त्यांना.”

मग सावलीत काम चाललं. एकेक भाग, मऊ स्पंज, हलका हात. शेवटी सीलंट. निघताना जावयाने बजावलं, “उद्या दुपारपर्यंत पत्र्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. थर बसू दे.”

बाईंनी होकार दिला. मला मात्र चैन पडेना. उद्या दुपारीच मालक येणार होते, पण त्याआधी सकाळ येणार होती. प्रार्थना केल्याशिवाय चहा न घेणारी ही बाई. दिलेला शब्द ती कसा चुकवील? आणि पाळला तर माझं काय होईल?

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी मालकांना कधीच सांगितलं असतं. आता तुम्हाला सांगते. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला तुमचा हात कसा लागतो, ते अधूनमधून उजेडात बघा. आधी पाण्याने धूळ जाऊ द्या, मग फडकं लावा.

सकाळ झाली. बाई आल्या. सवयीने त्यांनी खिळ्यावरचं पिवळं फडकं काढलं. हात बॉनेटच्या वर आला आणि तिथेच थांबला. माझा पत्रा न् पत्रा आकसला.

त्यांनी फडकं परत खिळ्याला अडकवलं. पदराखालून एक मऊ, नवं कापड काढलं, बादलीत भिजवलं, घट्ट पिळलं. पत्र्याला पदरही लागू न देता कडी ओढून त्यांनी दार उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मालकांच्या जागेवर बसल्या. स्टिअरिंग जिथे मालकांच्या बोटांनी गुळगुळीत झालं आहे, तिथून त्यांनी पुसायला सुरुवात केली.