हवा मंद आहे

मी एक जुने ऑक्सिजनचे यंत्र आहे. मित्रांनो, ज्यांच्या फुप्फुसांत बळ उरलेले नसते, त्यांना नळीतून ऑक्सिजन पुरवणे हे माझे काम. माझा जन्म दूर देशातला. तिथे नळी कुठे अडली, तर आम्ही यंत्रे अशी बोंब ठोकत असू, की शेजारीपाजारीही धावत येत.

पुढे आम्हाला या देशात विकायचे ठरले. प्लग बदलला, रंग बदलला. मग विक्रीचे साहेब म्हणाले, "घरात आधीच आजारी माणूस, त्यात ही किंकाळी कशाला? तिकडच्या लोकांना गोड आवाज हवा."

मग माझी वाक्ये भाषांतरासाठी गेली. भाषांतर करणाऱ्या बाईंनी फोनवर विचारले, "हवा कसली? यंत्र एकदा बघायला मिळेल का?"

"बघायचंय काय त्यात? चार ओळी तर आहेत," साहेब म्हणाले.

'हवेचा प्रवाह कमी झाला आहे, धावा' असे सांगणारी माझी बोंब गेली. तिच्या जागी एका बाईच्या मंजुळ आवाजातले तीन शब्द आले: 'हवा मंद आहे.'

मी एका निवृत्त बसचालकांच्या घरी आलो. घरात ते, त्यांची बायको आणि नोकरी करणारी मुलगी. सकाळी मला सुरू केले की मी म्हणत असे, 'नमस्कार, यंत्र सुरू आहे.' काका बायकोला चिडवत, "बघ, किती गोड बोलते!"

"मग तिच्याच हातचा चहा प्या," काकू म्हणत. तरी रोज माझ्यावरची धूळ त्याच पुसत. माझे फार कौतुक होते त्या घरात.

एका दुपारी काकांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. खुर्चीचा पाय माझ्या नळीवर आला. मी लगेच बोललो, 'हवा मंद आहे.'

काकू भाजी निवडत होत्या. "ऐकलंत का? हवा मंद आहे म्हणते. बरं वाटतंय ना?"

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे मिटत होते. मी पुन्हा बोललो. पुन्हा पुन्हा बोललो. काकूंनी रेडिओ बारीक केला, काकांच्या पायांवर चादर घातली आणि त्या पुटपुटल्या, "लागलाय डोळा, लागू दे."

मुलगी घरी आली तेव्हा वडिलांची नखे निळी पडली होती. तिने हाका मारल्या, खुर्ची हलवली, नळी मोकळी केली. नळीतून ऑक्सिजन पुन्हा वाहू लागला, पण तो घेणारे आता कोणी नव्हते.

कंपनीचा माणूस आला. त्याने मला तपासले आणि तो म्हणाला, "यंत्रात बिघाड नाही. त्यानं सूचना दिली होती."

काकू इतकेच म्हणाल्या, "घराला आग लागली तर कुणी असं लाडात सांगतं का हो?"

मुलीने कंपनीची पाठ सोडली नाही. कचेरीचे उंबरठे झिजवले. शेवटी नव्या यंत्रांतले वाक्य बदलले. "आणि आधी विकलेल्यांचं काय?" असे तिने विचारले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

आता मी माळ्यावर पडून आहे. काकू माझ्याकडे बघत नाहीत आणि मला कुणाला देऊही देत नाहीत. पण मित्रांनो, माझी भावंडे अजून कितीतरी घरांत तसेच गोड बोलत आहेत. तुमच्या ओळखीच्या घरी असे यंत्र असेल, तर आजच जा आणि सांगा: ते 'हवा मंद आहे' म्हणाले, तर हातातले काम टाका. आधी नळी पाहा.