ठिणगी पोटात ठेवणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा विजेचा दिवा आहे. हल्ली धुळ्याच्या भंगारबाजारात गंजत पडलोय, पण १९५० साली मुंबईहून आलो तेव्हा माझी ऐट पाहण्यासारखी होती. स्टेशनाजवळ बन्सीलालशेठची पेट्रोलची वखार होती. तिथे मला टांगलं. वखारीला खिडकी नव्हती, म्हणून मी दिवसाही जळायचो.

पेट्रोलची वाफ मोठी लबाड. डोळ्यांना दिसत नाही आणि एका ठिणगीवर घर खाते. ती माझ्या पोटातही शिरायची. पण माझं झाकण इतकं घट्ट बसायचं, की आत भडका उडाला तरी ज्योत झाकणाच्या कडेच्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत विझून जावी. तशी परीक्षा घेऊनच मला प्रमाणपत्र दिलं होतं. त्याचा पितळी बिल्ला माझ्या छातीवर होता. मला बसवणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, "झाकणाची कड घासायची नाही. एकही बोल्ट कमी ठेवायचा नाही. नाहीतर हा बिल्ला म्हणजे नुसता पत्रा!" शेठनी मान डोलावली. मान डोलावण्यात शेठचा हात कोणी धरला नसता.

डबे भरायला सुकदेव होता. देवपुरातून पांझरा नदी ओलांडून यायचा. "हाऊ दिवा शे म्हनीसन मी जित्ता शे," असं तो आपल्या अहिराणीत सगळ्यांना सांगायचा, या दिव्यामुळेच मी जिवंत आहे म्हणून. मला तो फार आवडायचा.

खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. तराजू, पाने, पंप, आणि सगळ्यात आधी मी. साहेबांचं बोलणं सुकदेवपर्यंत कोणी पोचवलंच नव्हतं. तो मला उघडायचा आणि देवाची भांडी घासावीत तसा विटेच्या भुकटीने माझी कड लखलखीत करायचा. बिल्ल्याला हळदकुंकू लावायचा. तेवढ्यात शेठची हाक यायची, "आवर रे, ट्रक खोळंबलेत!"

"इतला बोल्ट कसाले? चारमा भागी जाई," म्हणत सुकदेव चारच बोल्ट लावून उरलेले फळीवर ठेवून द्यायचा.

दरवर्षी फट रुंदावत गेली. ते मला कळत होतं, पण बोलणार कसा?

एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरपूरकडे जाणारा ट्रक दारात उभा होता. सुकदेव घाईने डबे भरत होता. पुसताना माझ्या आतली एक तार सैल झाली होती. तिथे ठिणगी पडली. पोटातली वाफ पेटली आणि ज्योत त्या फटीतून सरळ बाहेर गेली, आणि वखारभर साचलेली वाफ भडकली. सुकदेव दारापर्यंतही पोचला नाही.

पोलीस आले तेव्हा शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा साहेब, प्रमाणपत्राचा दिवा आहे. आमच्याकडून काही कमी नव्हतं."

मी काळाठिक्कर पडलो होतो, पण कुठे फुटलो नव्हतो. सुकदेवची बायको भिकुबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दिवाले काहीच व्हयनं नही, मंग यासलेच कसं व्हयनं?" तिने विचारलं. दिवा धड राहिला आणि नवरा गेला, हे तिला उमगत नव्हतं.

मित्रांनो, तुमचे वडील असल्या दिव्याखाली राबत असतील, तर त्यांना सांगा, हार नंतर घाला, आधी झाकण नीट बसलंय का ते पाहा. आणि भिकुबाईला जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगतो. आग पोटात ठेवणं एवढंच माझं काम होतं. मी वाचलो, पण ती मी सुकदेवच्या अंगावर सोडली.