मी त्या उतारावरून जाणार नाही

मी एक म्हातारे खेचर आहे. हे ऐकून लगेच हळहळू नका, मित्रांनो. माझे गुडघे कुरकुरतात, पण मान अजून ताठ आहे. माझे वडील गाढव आणि आई घोडी. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मला कधी आपले मानले नाही, त्यामुळे कुणाची मर्जी राखायची सवय मला लहानपणापासूनच लागली नाही.

माझे काम या डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात. सकाळी गॅसच्या टाक्या आणि किराणा शिखराखालच्या विश्रामगृहात न्यायचा आणि परतताना बाटल्या, डबे, प्लास्टिक खाली आणायचे. चढताना माझ्या पाठीवर लोकांचे जेवण असे आणि उतरताना त्यांचा निष्काळजीपणा. तरुणपणी माझे भारी कौतुक होते. पर्यटक माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढत. त्यांतले निम्मे मला घोडा म्हणत. मी तेही पोटात घातले.

एक गोष्ट मात्र उद्यानातल्या सगळ्यांना ठाऊक होती. वर धुके आले की लोक पाट्या वाचत नाहीत; माझ्या खुरांचे ठसे आणि लीद बघत चालतात. खेचर गेले म्हणजे वाट असणारच, असा त्यांचा हिशेब. म्हणून ओझ्याच्या जनावरांनी वळणावळणाच्या पायवाटेनेच जायचे, असा तिथला नियम होता.

एका उन्हाळ्यात माझ्या मालकाने घाईत तो मोडला. वळणे टाळायला त्याने मला गवताच्या उतारावरून सरळ वर नेले. एकदाच. पण माझ्यामागून लोक आले, त्यांच्यामागून आणखी लोक. सुट्ट्या संपेपर्यंत तिथे नवी वाट पडली आणि पावसाने तिची घळ केली. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी पुढच्या वर्षी आलेच नाहीत. मला फार राग आला. ठसे माझे होते आणि मला कुणी विचारले नव्हते.

मालकाची थोरली बहीण उद्यानातल्या वाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीची मुकादम. तिला सगळे अक्का म्हणतात. तिने टोळीला घेऊन घळीत दगड रचले, माती भरली, गवताचे ठोंब लावले. दोन वर्षे ठोंब वाहून गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी मूळ धरले आणि पक्षी घरट्यांना परतले. उद्यानाच्या अधिकारी बाईंनी तेव्हा सर्वांना बजावले, "हा उतार पुन्हा फुटला, तर वरची वाट कायमची बंद." म्हणजे पर्यटकांचे शिखर गेले, विश्रामगृह गेले आणि मालकाची रोजीरोटीही.

तरीही त्याच उन्हाळ्यात मालकाला पुन्हा घाई झालीच. वर गर्दी, विश्रामगृहातला गॅस संपलेला, स्वयंपाक्याचे फोनवर फोन आणि पायवाटेवर माणसांची रांग. मालकाने माझा लगाम उताराकडे वळवला.

मी चारही पाय रोवले.

त्याने ओढले, ढकलले, गोंजारले. मग काठी मारली. रांगेतले लोक हसत मोबाइल काढू लागले.

"चल रे बाबा, एकदाच," तो म्हणाला. "नाही चाललास तर उद्या विकून टाकतो तुला."

खुशाल विक, मी मनात म्हणालो. दुसरी काठी बसली. मी हललो नाही. तेवढ्यात वरच्या वळणावरून अक्का मातीची टोपली घेऊन उतरली.

"अक्का, वर लोक उपाशी बसलेत," मालक म्हणाला.

"बसू देत थोडा वेळ. कुणी मरत नाही."

"तुला काय जातंय बोलायला? शिव्या मला खाव्या लागतात."

"मग खा की. तू एकदाच गेलास आणि मी तीन वर्षं माती वाहतेय. वाट बंद झाली ना, तर तुला शिव्या द्यायलाही कुणी येणार नाही इथे."

मालक काही बोलणार, एवढ्यात त्याची नजर मागे गेली. रांगेतले चार-पाच जण बाहेर पडून, उताराकडे तोंड करून माझ्यामागे उभे होते. मी कधी निघतो याचीच ते वाट बघत होते. मालकाने काठी टाकून दिली.

"मागे व्हा," तो त्यांना म्हणाला. "वाट तिकडून आहे."

आम्ही वळणावळणाने गेलो. उशीर झाला, शिव्याही पडल्या. मला कुणी शाबासकी दिली नाही. उलट मालक पुढे कित्येक दिवस मला आडमुठा म्हणत होता. आता माझ्या पाठीवर ओझे नसते. तरुण खेचरे आली आहेत आणि फोटो त्यांचेच निघतात. पण मालकाने मला विकले नाही. तो मला रिकाम्या पाठीने सगळ्यांच्या पुढे चालवतो, कारण मी पुढे असलो की ती पोरे उताराकडे बघतही नाहीत.

मित्रांनो, डोंगर बघायला जरूर या. तो तुमचाही आहे. माझ्यामागून चाला, दमलात तर वळणावर बसा. पण तुम्हाला घाई आहे म्हणून मला गवतावरून चालायला सांगू नका. आडमुठा म्हणा, काठी मारा, विकायला काढा. त्या गवतात अंडी आहेत आणि माझ्या लाथेत अजून जोर आहे.