मीडियमचं माप

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला गोष्ट अर्धीच पोचते. आजची गोष्ट गोड नाही. ऐकताना मळमळेल, तरी मधून उठू नका. देवाने दिलेल्या हातांचं एका माणसाने काय करून ठेवलं, आणि दोन जावांनी त्याला कसं थांबवलं, ते सांगतो.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या भावांच्या बायका, एकाच शिलाई कारखान्यात कामाला. थोरली इस्त्रीवर, धाकटी बाह्या जोडायच्या मशीनवर. तिथे नवा नमुना शिवून झाला, की तो कुणाच्या तरी अंगावर चढवून पाहायचे. त्यासाठी सँपलच्या खोलीत पुतळा होता. पण कटिंग मास्तर म्हणायचा, "पुतळा श्वास घेत नाही. कपडा जित्या माणसासाठी असतो." मग लाइनीतली मीडियम मापाची एखादी बाई बोलावली जायची. बायका याला 'माप द्यायला जाणं' म्हणत आणि म्हणताना तोंड वाकडं करत. एकीने तर ठासून जेवून लार्ज गाठलं आणि सुटका करून घेतली. सगळ्या पोट धरून हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते देवालाच ठाऊक.

तिच्यानंतर पाळी आली धाकटीची.

मास्तर दार लोटून घ्यायचा. टाचण्या ओठांत धरायचा आणि थुंकीने भिजलेल्या त्याच टाचण्या तिच्या छातीकडच्या कापडाला लावायचा. टेप एका हातात नुसता लोंबत असायचा, माप घ्यायचा तो दुसरा हात. घामट, गार, गोगलगायीसारखा सरकणारा. तोंडाला शिळ्या चहाचा वास. "श्वास सोड, माप चुकतंय." तिने अंग चोरलं, की म्हणायचा, "लाजतेस काय, मुलीसारखी आहेस मला." त्या हातापेक्षा हे वाक्य जास्त किळसवाणं.

धाकटी घरी आली, की अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. थोरलीच्या ते नजरेत आलं.

"काय गं, आमच्या कपड्यांना वास मारतो का?"

"तुमच्या नाही, ताई. माझ्या."

मग भाजी चिरता चिरता तिने सगळं सांगितलं. थोरलीचा हात थांबला. तिला स्वतःला त्या कारखान्यात चिकटवलं होतं ते मास्तरनेच.

"नव्या नमुन्यांचा सीझन संपू दे," थोरली हळूच म्हणाली. "मग तो दुसऱ्याच कुणाला तरी बोलावील."

"म्हणजे दुसरीच्या अंगाला लागू दे, असंच ना?"

थोरलीने मान खाली घातली. सकाळी डबे भरताना मात्र म्हणाली, "तक्रार दे. मी येते बरोबर."

दोघी मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. त्यांनी आधी समजूत घातली. "अहो, मास्तर कलाकार माणूस. मापात हात लागतोच. डॉक्टरचा लागत नाही का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बघा हं. तक्रार खोटी ठरली, तर दोघींनाही घरी बसावं लागेल." त्या घराची चूल दोघींच्या पगारावर पेटत होती. तरी धाकटी म्हणाली, "बसू."

तक्रार समिती होती, कायद्याने ठेवावीच लागते म्हणून. तिची पाटी जिन्याखाली, झाडूंच्या मागे. समितीत एक मॅनेजरसाहेब आणि एक बाहेरच्या संस्थेतून आलेल्या बाई; प्रमुख त्या बाईच. बाईंनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं. मास्तर म्हणाला, "देवाशपथ सांगतो, कामापलीकडे बोट लावलं नाही." देवाचं नावही त्याच्या ओठांत त्या टाचण्यांसारखं ओलं झालं. अंगावर शहारा आला असता तुमच्या.

"वाद कशाला?" मॅनेजरसाहेब म्हणाले. "मास्तर, माप कसं घेता ते करूनच दाखवा. ये गं, उभी राहा अशी."

ऐकलंत? चौकशी करायची, तीही परत तिच्याच अंगावर. आणि तो मास्तर तळवे पँटला पुसत खरोखर उठला हो.

थोरली मधे येऊन उभी राहिली. "तिच्यावर नाही. साहेब, तुम्हीही मीडियमच दिसता."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही उभे राहा."

साहेब नाइलाजाने उठले. मास्तरने आधी विचारलं, "साहेब, चालेल ना?" मग टेप दोन बोटांच्या चिमटीत धरला. छाती, कंबर, बाही, सगळं झालं, पण हात कुठे टेकला नाही. टाचण्या डबीतून घेतल्या, कोरड्या. चुटकीसरशी काम उरकलं.

"हे असं घेतो मी," मास्तर ऐटीत म्हणाला. "सांगा साहेब, काही वावगं?"

"छे, मला तर हात लागलेलाही कळला नाही," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता गप्प झाले.

"म्हणजे हाताला जमतं तर," धाकटी म्हणाली. "विचारून माप घेता येतं. हात न लावताही घेता येतं."

साहेबांना न शिवणारा हात बायकांच्या अंगावर मात्र सरकत होता, हे मास्तरने स्वतःच सगळ्यांसमोर दाखवून दिलं होतं. बाईंनी निकाल लिहिला: मास्तरला कामावरून काढावं, आणि यापुढे कुणाच्याही अंगावर नमुना चढवायचा नाही.

साहेबांनी तरीही निरोपाचा चहा ठेवलाच. वय झालंय, मानाने जाऊ दे म्हणे. मान! इस्त्रीवरच्या आणि मशीनवरच्या बायका चहाला गेल्या नाहीत. पेले तसेच गार झाले, वर साय धरली.

धाकटीची नोकरी राहिली. कारखान्यात अजून एखादा पुटपुटतो, हिच्यामुळे म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आला. ती ऐकते आणि बाह्या जोडत राहते. पण मागून कुणी चाललं, की तिचे खांदे अजून आकसतात. तेव्हा मायबाप, आज दिवेलागणीला देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. तिचे खांदे सैल होऊ देत, एवढं तिच्यासाठी मागा.